वळिवडे कॅम्प आणि युद्धकाळ : प्रकल्प नोंदी

१८ जून २०२५

शाळा सुरू झाली. मुख्याध्यापकांनी तोंडी होकार दिला, तेव्हा वही आजपासून सुरू. काम असं : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात जे लहान होते त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आणि त्यातून आठवी-नववीच्या वर्गात ऐकवण्याजोगा संच बनवायचा. मध्यभागी वळिवड्याचा पोलिश निर्वासितांचा कॅम्प. पण तेवढंच नको. कंट्रोलचं रेशन, बेचाळीसची चळवळ, पलटणीत गेलेले बाप-चुलते, जे निघेल ते घ्यायचं.

घाई कशाची, ते आकड्यांतच आहे. कॅम्प १९४३ ते १९४८ होता. त्याच्या शेवटच्या वर्षी सहा वर्षांचं असलेलं मूल आज ८३ वर्षांचं. कॅम्प बसताना पाहिला असं म्हणणारा माणूस ८७-८८ च्या पुढचाच हवा. तलाठी काकांनी (निवृत्त, उचगावापासून रुकडीपर्यंत प्रत्येक घराची भाऊबंदकी पाठ) आठवून यादी केली तेव्हा कागदाची एक बाजूही भरली नाही. त्यातल्याही काहींना आता ऐकू येत नाही, काहींना नातवंडांची नावं आठवत नाहीत.

रेकॉर्डिंग कॉलेजचा एक पोरगा करणार. यंत्र त्याचं स्वतःचं आहे.

संचाच्या सुरुवातीला द्यायची माहिती आत्ताच लिहून ठेवतो, नंतर वेळ मिळत नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आले. रशियाच्या वाट्याला गेलेल्या पूर्व भागातली लाखो माणसं १९४०-४१ मध्ये घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, मग रशियाला पोलंडशी समझोता करावा लागला, या लोकांना सोडण्यात आलं. जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहिली आणि १९४२ मध्ये सैनिक, बायका, मुलं मिळून लाखाहून अधिक माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष फौजेबरोबर गेले. बायका-मुलांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न उरला. काही आफ्रिकेत गेली, काही कराचीमार्गे आपल्याकडे आली. वळिवड्याला सुमारे ५,००० माणसं राहिली. हिंदुस्थानातली पोलिश लोकांची सगळ्यात मोठी वस्ती ती हीच.

२५ जून २०२५

संमतीपत्राचा मसुदा. दोन सह्या घ्यायच्या : एक रेकॉर्ड करायला, दुसरी वर्गात ऐकवायला. दोन्ही एकाच सहीत उरकले तर माणूस कशाला हो म्हणाला ते त्यालाच कळत नाही. तिसरा पर्याय तलाठी काकांच्या आग्रहाने घातला : ‘माझ्या पश्चात ऐकवावे.’ त्यांचं म्हणणं, म्हातारी माणसं शेजाऱ्याबद्दल खरं बोलतील ती याच अटीवर.

नावं कुठेही नाहीत. मु-०१, मु-०२ असे क्रमांक, पुढे फक्त जन्मसाल, गाव आणि १९४५ साली वय किती. हे शेवटचं महत्त्वाचं. सात वर्षांच्या पोरीने पाहिलेलं आणि पंधरा वर्षांच्या पोराने पाहिलेलं एकाच तराजूत घालून चालणार नाही.

रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्येच करायचं, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी-थ्री नंतर वर्गासाठी काढता येते, उलटं करता येत नाही. फॅन बंद, फ्रिज बंद, टीव्ही शेजारच्या घरातला असेल तर विनंती. कॉलर माइक आजीच्या पदराला लावला की बांगड्या वाजतात, तो खांद्याच्या मागच्या बाजूने आणायचा.

२ जुलै २०२५

मु-०१. आजी, जन्म अंदाजे १९३६, माहेर कॅम्पला लागून. घरात गेलो तेव्हा सून म्हणाली, ‘आत्यांना काय आठवत न्हाई, तुम्ही उगीच आलाय.’ आजी मग न थांबता दीड तास बोलल्या.

मोजका भाग उतरवून ठेवतो :

‘आमी आईबरूबर अंडी घिऊन जायचो. पोलंडवाल्या बाया अंडं पान्यात बुडवून बगायच्या, वर आलं की परत. आई शिव्या द्यायची, पन आमच्या भाषेत, त्यास्नी काय कळतंय. मागनं त्यातली एक बाई एक-दोन-तीन म्हनाया शिकली. मग आईची पंचाईत झाली.’

‘सकाळी घंटा वाजायची त्यांच्या देवळाची. आमची आई त्या घंटंवर भाकरी टाकायला घ्यायची.’

‘पोरी फ्रॉक घालून सायकलवर जायच्या. आमच्या आज्याला लई राग. म्हनायचा, बघू नगंसा. आमी बघायचोच.’

पुढे मी विचारलं, हे लोक आले कुठून, माहीत होतं का? तेव्हा आजी म्हणाल्या, ‘हिटलरनं हाकलल्याली. आपल्या म्हाराजांनी त्यास्नी ठेवून घेतलं.’ विचारलं, हे तेव्हा कोणी सांगितलं? थोडं थांबून : ‘तवा कोन सांगनार. टीव्हीवर सांगत व्हते की.’

४ जुलै २०२५

मु-०१ पुन्हा ऐकली. शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे आणि तेच बहुतेक जण कापून टाकतील.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकापाशी गेले. त्या दिवसापासून आपल्याकडच्या वाहिन्यांनी जामनगरजवळचं बालाचडी आणि आपलं वळिवडे यांची पार खिचडी केली. बालाचडीत अनाथ मुलांना जामसाहेब दिग्विजयसिंहांनी स्वतः पुढाकार घेऊन ठेवून घेतलं, ते ठीक. वळिवड्याची गोष्ट निराळी. छत्रपती राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्येच वारले. त्यानंतर गादीवर दत्तक आलेले शिवाजी महाराज १९४१ चे, म्हणजे कॅम्प बसला तेव्हा दोन वर्षांचं मूल; तेही सप्टेंबर १९४६ मध्ये गेले. कारभार रीजन्सीचा (राजा लहान म्हणून त्याच्या वतीने चालवलेला), महाराणी ताराबाई रीजंट. जागा कोल्हापूर संस्थानातली, देखरेख हिंदुस्थान सरकारची आणि खर्च लंडनमध्ये असलेल्या परागंदा पोलिश सरकारच्या खात्यावर. शहाजी महाराज गादीवर आले १९४७ मध्ये. तेव्हा कुणी ‘महाराजांना कॅम्पात पाहिलं’ म्हणालं तर ते खोटं असेलच असं नाही, पण ते कोणत्या सालचे महाराज, हे विचारायला हवं.

आता हे आजींना सांगून त्यांचं बोलणं दुरुस्त करायचं का? नाही. उतारा करताना समासात तीन खुणा ठेवायच्या ठरवल्या : पाहिलेलं, तेव्हा ऐकलेलं, नंतर कळलेलं. अंडी, घंटा, सायकल ही ‘पा’. हिटलर आणि महाराज ‘न’. खुणा आपण करून द्यायच्या नाहीत. वर्गातल्या मुलांनी ऐकून करायच्या. आठवीच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’, त्यात मौखिक साधनंही आहेत. तो धडा मुलं पाठ करतात आणि विसरतात. इथे त्यांच्या हातात एक साधन देता येईल, त्याच्या खोडीसकट.

सगळ्या प्रकल्पात मला हवं असेल तर एवढंच हवं आहे. आजी-आजोबांच्या गोड गोष्टींची सीडी आणखी एक बनवायची नाही.

१२ जुलै २०२५

मु-०२. आजोबा, जन्म १९३४, मराठी शाळा सातवीपर्यंत. कॅम्पबद्दल फार नाही (‘आम्ही लांब राहायचो, त्यांच्याकडं इंग्रजासारखं बघायचं का कसं हेच कळायचं नाही’). पण कंट्रोलबद्दल भरभरून. रॉकेल मोजून, साखर सणाला, धोतरजोडी नंबर लावून. लग्नात जेवायला किती माणसं बोलवायची याची धास्ती.

मग आतून डबी आणली. भोकाचे पैसे. १९४३ पासून सरकारने तांबं वाचवायला मध्ये भोक पाडलेला पैसा काढला, तो हा. आजोबांच्या आई ते करगोट्याच्या दोऱ्यात ओवून पोराच्या कमरेला बांधत, हरवू नये म्हणून. युद्ध म्हणजे काय हे मुलांना समजवायला मी बारा वर्षं नकाशे काढतोय. एक पैसा हातात दिला की तांबं कुठे गेलं हा प्रश्न मुलंच विचारतील. काडतुसांत, तारांत.

डबीतला एक पैसा आजोबा देऊ लागले. घेतला नाही. फोटो घेतला, दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. बाजारात असे पैसे स्वस्तात मिळतात, संचासाठी तिथून घेऊ.

याच मुलाखतीत चुलता बेचाळीसला भूमिगत होता हे ओघात आलं. गारगोटीच्या कचेरीवर १३ डिसेंबर १९४२ ला भूमिगतांनी हल्ला केला, त्यांतले सात जण गेले, त्याच्या बातमीने घरात चूल पेटली नव्हती म्हणाले. म्हणजे एका बाजूने याच संस्थानात आपल्या पोरांना गोळ्या घातल्या जात होत्या आणि सहा महिन्यांनी त्याच संस्थानात उपऱ्या लोकांची वस्ती उभी राहत होती. आजोबांच्या बोलण्यात ही दोन्ही शेजारी शेजारी आहेत, त्यांना त्यात काही खटकत नाही. पुस्तकात हे दोन वेगळे धडे असतात.

२३ जुलै २०२५

पाऊस. मुलाखती बंद, उतारे चालू. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळ्यांच्या फोनवर. ३९ फुटांची इशारा पातळी आली की निम्म्या घरांत लोक सामान वर चढवायला लागतात, त्यात माइक घेऊन कोण जाणार.

पोराने मु-०१ चा उतारा केला, त्यात आजींचं ‘मी गेलो, मी बघितलो’ सगळीकडे ‘मी गेले, मी बघितले’ करून टाकलं होतं. परत मूळचं करायला सांगितलं. कोल्हापूरची बाई ‘मी गेलो’च म्हणते. ‘व्हता’चं ‘होता’ही करायचं नाही. कानाला जे आलं ते कागदावर. अर्थ लागणार नाही अशा शब्दांना शेवटी अर्थ देऊ, पण मजकुराला हात नाही.

दुसरं : शांतता कशी लिहायची. आजी जिथे थांबल्या तिथे [थांबतात] लिहायचं, टिंबांच्या रांगा नको.

१४ ऑगस्ट २०२५

मु-०४, गांधीनगर. सिंधी दादा, जन्म १९३९, कराची. कपड्याच्या दुकानात मागच्या गाळ्यात बसून बोललो. बाहेर गठ्ठे उतरत होते, त्यामुळे आवाज खराब. तरी बदलायचं नाही. हे दुकान त्या माणसाचा अर्धा पत्ता आहे.

पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं आली. तीच वस्ती पुढे गांधीनगर झाली. दादा १९४८ मध्ये नऊ वर्षांचे. कराचीहून बोटीने मुंबई, मुंबईहून रेल्वे. बराकींना बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं. ‘इकडं कोणी खोकलं तर तिकडच्या घरात पाणी द्यायचे,’ असं दादा म्हणाले आणि स्वतःच हसले. वडील खांद्यावर कापड टाकून गावोगाव फिरत. मराठी त्यांनी तसंच, दारोदार भाव करत शिकलं.

आमच्याआधी इथे कोण राहत होतं हे माहीत होतं का? ‘गोरे होते एवढं माहीत. पण आम्हाला कोणाचं काय विचारायची हौस नव्हती बेटा. आमचंच घर गेलेलं.’

नकाशाचं काम सुचलं. पोलिश बायका-मुलं इराणातून कराचीला आली, तिथल्या तात्पुरत्या छावणीत राहिली, मग वळिवड्याला. पाच वर्षांनी दादांचं कुटुंब कराचीहून निघून त्याच बराकीत. मुलांनी दोन रंगांत दोन रेघा काढायच्या. कराची ते वळिवडे हा तुकडा दोन्हींत सारखा येतो. बघू, कोणाच्या लक्षात येतं का.

२ सप्टेंबर २०२५

यादीतल्या रुकडीच्या आजी गेल्या. गणपतीनंतर या म्हणाल्या होत्या. यादी वयाच्या उतरत्या क्रमाने पुन्हा लावली. आता सण, पाऊस, परीक्षा काही असो, सगळ्यात मोठ्या माणसाकडे आधी.

२० सप्टेंबर २०२५

नववीची मुलं घेऊन महावीर गार्डनमधल्या स्मारकस्तंभापाशी, मग ख्रिश्चन दफनभूमीत पोलिश थडग्यांपाशी. मुलांना काय लिहून आणा असं सांगितलं नव्हतं. एका मुलीने थडग्यांवरच्या जन्म-मृत्यूच्या सालांची वजाबाकी करायला घेतली आणि बाकीची तिच्या मागे लागली. लहान मुलं किती, म्हातारे किती. शाळेत परत आल्यावर तीच मुलगी म्हणाली, ‘सर, तरणे पुरुषच नाहीत.’

या वाक्यावर पुढे एक पूर्ण तास घ्यायचा. आधी मु-०७ ची मुलाखत हवी.

२८ सप्टेंबर २०२५

मु-०७. बाई ७९ वर्षांच्या, म्हणजे युद्धानंतरचा जन्म. आमच्या नियमात बसत नाहीत. पण वडील मराठा लाइट इन्फंट्रीत, इटलीत लढलेले, आणि वडिलांचं सगळं बोलणं यांच्याच डोक्यात. ‘पाहिलेलं’ काहीच नाही, सगळं ‘ऐकलेलं’. घ्यावं की नाही यावर आम्हा तिघांत वाद झाला. तलाठी काका म्हणाले, बाप उठून येणार आहे का सांगायला? घेतलं.

वडील युद्धाबद्दल बोलत नसत. बर्फाबद्दल बोलत. इटलीतल्या नद्यांबद्दल बोलत, ‘आपली पंचगंगा उन्हाळ्यात असती तेवढी, पण काठ केवढा उंच.’ पेटीत इटली स्टार हे पदक आहे, त्याची फीत गेलेली. पत्रं आणि डिस्चार्जचे कागद २०१९ च्या पुरात भिजून लगदा झाले. सुनेने ते वाळवून बघितले, अक्षर उरलं नव्हतं.

नद्यांचं बोलणं नेमकं निघालं. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर शेवटची मोठी चढाई सुरू झाली. तिथे काठाला उंच बांध होते, जर्मन त्यात खणून बसलेले. त्याच दिवशी पहिल्या मराठा बटालियनचे नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, यांनी जखमी साथीदारांना वाहून आणलं आणि एकट्याने मशीनगनची ठाणी घेतली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आदल्या जुलैत तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वरच्या टायबर खोऱ्यात पडले. त्यांनाही मरणोत्तर तोच. बाईंचे वडील नेमके कुठल्या बटालियनचे ते पदकामागच्या नंबरावरून काढता येईल. तोवर सेनिओचं नाव त्यांच्या तोंडी घालायचं नाही.

आणि इथे दोन टोकं जुळतात. सेनिओवरच्या त्या चढाईत मराठ्यांच्या आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर, शेजारच्या आघाडीवर, अँडर्सची पोलिश फौज होती. म्हणजे वळिवड्यात अंडी पाण्यात बुडवून बघणाऱ्या बाईचा नवरा आणि अंडी विकणाऱ्या गावातला पलटणीतला गडी, दोघं एकाच नदीवर असू शकत होते. ‘असू शकत होते’ एवढंच. वर्गात याहून पुढे जायचं नाही.

९ ऑक्टोबर २०२५

आठवी, ‘ब’ तुकडीवर पहिली चाचणी. चार मिनिटांची एक फीत, दोनदा ऐकवली. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा हातात कागद, त्यावर पा, ऐ, न. मुलांना आजींची भाषा ऐकून आधी हसू आलं. मागच्या बाकावरच्या एकाला नाही आलं. म्हणाला, ‘आमची पण आजी असंच बोलती.’ मग हसू थांबलं.

‘महाराजांनी ठेवून घेतलं’ यावर निम्म्यांनी ‘पा’ टाकला. का? ‘सर, ते खरंच आहे ना!’ खरं असणं आणि स्वतः पाहिलेलं असणं यातला फरक फळ्यावर न सांगता बाहेर यायला बराच वेळ गेला. मी उत्तर दिलं नाही. मग एकीने विचारलं, तेव्हा महाराजांचं वय किती होतं? तेव्हा सालं फळ्यावर लिहिली. वर्गात गडबड उडाली. दोन वर्षांचा राजा! मग परवानगी कुणी दिली, सही कुणाची असेल, पैसे कुणाचे. कोल्हापुरात महाराजांच्या गोष्टीला हात लावायचा म्हटलं की शिक्षकाला घाम येतो. मुलांना नाही आला.

दुसऱ्या तासाला त्या थडग्यांचं : बायका इथे तर नवरे कुठे? उत्तराचा एक भाग सोपा. फौजेत, पॅलेस्टाइनमार्गे इटलीत. मे १९४४ मध्ये मोंते कासिनोचा मठ शेवटी पोलिश तुकड्यांनी घेतला. नकाशावर दाखवता येतं. दुसरा भाग अवघड. १९४० च्या वसंतात रशियाने सुमारे २२,००० पोलिश कैदी, त्यात अधिकारी, शिक्षक, डॉक्टर, गुपचूप गोळ्या घालून मारले. कातिनच्या जंगलात प्रेतं सापडल्याचं एप्रिल १९४३ मध्ये जाहीर झालं आणि रशियाने ते पुढची जवळजवळ पन्नास वर्षं कबूल केलं नाही. वळिवड्यातल्या काही बायका अशा नवऱ्यांची वाट पाहत असणार. तेरा वर्षांच्या मुलांना हे सांगायचं का? मी सांगितलं, कमी शब्दांत, प्रेतांचं वर्णन न करता. प्रश्न आला तो मारण्याबद्दल नव्हता. ‘मग त्यांना पत्र यायचं बंद झालं असेल, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, पत्ता बदलला म्हणून?’

याचं उत्तर आमच्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये नाही. इकडच्या माणसांना त्या बायकांच्या आतलं काही कळायची सोय नव्हती. ते पोलिश बाजूने आलं पाहिजे. कॅम्पातल्या मुलांनी मोठेपणी इंग्लंडात आपली संघटना काढली, आठवणी लिहून ठेवल्या. त्यांतला एखादा परिच्छेद परवानगीने मराठीत आणून मु-०१ शेजारी ठेवायचा. कामाच्या यादीत घातलं.

१७ नोव्हेंबर २०२५

मु-०९. आजोबा, जन्म १९३७, कोल्हापुरात पेठेत वाढलेले. युद्धाचं विचारायला गेलो, ते १९४८ वर येऊन थांबले. गांधीजींच्या खुनानंतरची जाळपोळ. घर गेलं. जयप्रभा स्टुडिओ जळाला तो धूर पाहिला. कोण आलं, कुणी आत घेतलं, कुणी दार लावून घेतलं, सगळं नावानिशी. संमतीपत्रात त्यांनी तिसऱ्या पर्यायावर खूण केली आणि पेन परत देताना म्हणाले, ‘नावं आत्ताच खोडा, बाकी राहू दे.’

शाळेशी बोलणं झालं. हा भाग संचात नको असं ठरलं. कारण दिलं ते असं : पालकांच्या तक्रारी येतील, आणि हा विषय युद्धात बसत नाही. दुसरं कारण मला पटत नाही. मु-०४ च्या दादांचं १९४८ बसतं आणि मु-०९ च्या आजोबांचं बसत नाही, हे कसं? पहिल्या कारणापुढे माझं काही चालत नाही. मूळ रेकॉर्डिंग पूर्ण ठेवलं, नावांच्या जागा वर्गाच्या प्रतीत मुक्या केल्या, आणि ती प्रत अट पूर्ण होईपर्यंत बंद. शिक्षकांच्या टिपणात मात्र एक ओळ घातली आहे : या काळातल्या माणसाला विचाराल तर तो १९४५ ला थांबेल असं समजू नका.

६ डिसेंबर २०२५

प्रती. एक हार्ड डिस्क माझ्याकडे, एक कॉलेजच्या ग्रंथालयात (पावती घेतली), एक क्लाउडवर. तीन जागा, त्यांतली एक पंचगंगेच्या पुरापासून लांब. शाळेला फक्त वर्गासाठीचे तुकडे. प्रत्येक घराला त्यांच्या माणसाचं पूर्ण रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर. मु-०२ च्या नातवाने लगेच त्याचं रील केलं, खाली गाणं टाकून. भोकाचा पैसा गावभर फिरला. मनाई कशी करणार, रेकॉर्डिंग त्यांचंच आहे. मात्र त्यानंतर अशी तीन घरं पुढे आली जी यादीत नव्हती, एकात ९१ वर्षांच्या आजी.

फाइलच्या नावात गाव, साल, क्रमांक. सोबत साधा मजकूर असलेली एक फाइल : कोणी, कधी, कुठे रेकॉर्ड केलं, अटी काय. दहा वर्षांनी आमच्यापैकी कोणी नसेल तेव्हा ही फाइल नसली तर बाकी सगळं कचरा.

१९ डिसेंबर २०२५

९१ वर्षांच्या आजी : कॅम्पात भांडी घासायला जात. पहिल्याच वाक्यात, ‘मी आत गेलेली हाय, बाकीची समदी भाईरनं बघून सांगत्यात.’ बैठक अर्धीच, दम लागला. पुन्हा जायचं, सकाळी, अर्ध्या तासाच्या वर नाही.

८ जानेवारी २०२६

बाकी कामं. भांडीवाल्या आजींची उरलेली मुलाखत. मु-०७ च्या पदकाचा नंबर कळवून बटालियनची चौकशी. पोलिश आठवणींच्या परिच्छेदासाठी पत्र गेलं आहे, उत्तर नाही. नकाशाच्या तासाला कराचीचा तुकडा नववीत कोणाच्या लक्षात आला नाही, आठवीत दोघांच्या आला. पुढच्या वेळी नकाशावर गावांची नावं आधी लिहून द्यायची नाहीत.

तालुक्यातल्या इतर शाळांच्या इतिहास शिक्षकांची बैठक १७ तारखेला. प्रत्येकाला एकच तुकडा आणि कोरा कागद द्यायचा, आमची उत्तरं दाखवायची नाहीत. स्पीकर आपला न्यायचा, तिथला खरखरतो.